झाकण उघडायचं नाही

तुम्ही वीज तोडलीत. मंगळवारी सकाळी, चहाची भांडी अजून सिंकमध्ये पडलेली असताना तोडलीत, आणि वर तोंड करून सांगता की कळवलं होतं. काय कळवलंत? फोनवर निरोप पाठवलात. ज्या खोऱ्यातला फोनचा मनोरा उन्हाळ्यातल्या वादळात आडवा झाला आणि आजही आडवाच आहे, जिथे लोक फोन फक्त घड्याळ म्हणून वापरतात, तिथल्या लोकांना फोनवर निरोप! त्यापेक्षा कुंपणातल्या मेंढीच्या कानात सांगितलं असतंत. तिने निदान कान तरी हलवला असता.

तुमच्या लेखी त्या रस्त्याला सहा घरं आहेत, आणि सहा घरांसाठी गाडी कोण काढणार? ठीक. त्यातल्या शेवटच्या घरात त्या सकाळी काय चाललं होतं ते ऐका. खुर्ची ओढून बसा आणि ऐका.

शेवटचं घर हूहानाचं. तिथे ती आणि तिचा सासरा पाओरा, दोघंच राहतात. पाओराला सगळं खोरं कोरो म्हणतं, म्हातारबाबा. तीही तेच म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हूहाना लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर शेडशेड हिंडलेली बाई. कातरलेली लोकर कवेत उचलायची, टेबलावर पसरून फेकायची, कडेची घाण तोडायची, की लगेच पुढची मेंढी. उचलून उचलून उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. टोळीच्या मुकादमाने एक हंगाम सांभाळून घेतलं, पुढच्या हंगामाला बोलावलंच नाही.

मग तिने लावे पाळले. मुठीत मावणारा पक्षी, ठिपक्याठिपक्यांची अंडी, घरात राहून होणारं काम. शहरातल्या दोन खाणावळी अंडी घ्यायच्या. बस्तान बसतंय तोवर उन्हाळ्यातलं ते वादळ आलं, नदी परसात आली आणि पिंजरे लाव्यांसकट गाळाखाली गेले. हिवाळा तसाच काढला. आता वसंतात, खोऱ्यात मेंढ्या विताहेत तेव्हा, तिने लांबच्या एका बाईकडून उबवायची अंडी आणली होती. ही फुटली तर पुन्हा लावे, आणि लावे असले तर घर. नाहीतर किनाऱ्यावरच्या शहरात मटणाच्या कारखान्यात पाळी धरायची. आणि दोनदा पडलेला म्हातारा घरात एकटा राहू शकत नाही म्हणून नणंद सांगते त्या वृद्धाश्रमात त्याची खोली बघायची. हे घरात कुणी बोलत नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं.

उबवणीची विजेवरची, काचेच्या झाकणाची पेटी धुण्याच्या खोलीत होती. आधी हूहानाने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली होती, तिथला प्लग घट्ट बसतो म्हणून. कोरोने काठी आपटली. "जिथे खातो तिथे कुणाला जन्माला घालत नाहीत. आईने शिकवलं नाही तुला?" तेव्हापासून पेटी धुण्याच्या खोलीत आणि कोरोची खुर्चीही तिथेच. आधी म्हणाला होता की मेंढ्या राखलेल्या माणसाने असल्या किड्यामुंग्या काय बघायच्या. पण अंडी हलायला लागली आणि म्हातारा तिथून उठेना.

"हाना, हे बघ. हे डोललं."

"डोलणारच. आत वळतंय ते."

"आणि ओरडलं! आतून ओरडलं. कोकरू कधी पोटातून ओरडल्याचं ऐकलंयस?"

"कोकराला काय घाई असते?"

पहिलं पिल्लू पहाटेच बाहेर आलं होतं. आता ते पेटीच्या जाळीवर धडपडत होतं, ओलं, चिकट, भुंग्याएवढं. उठायचं, पडायचं, शेजारच्या अंड्याला ढकलायचं. कोरो खदखदून हसला. "भांडकुदळ आहे. आपल्या घराण्यातलं दिसतंय." मग चष्मा पुसून पुन्हा वाकला. "वाळवत नाहीस? पुसून काढलं पाहिजे. कोकराला खसाखसा पुसतो आपण."

"नाही. आपलं आपण वाळतं. झाकण उघडायचं नाही."

"का?"

"आतली ओल निघून जाते. मग बाकीच्यांच्या अंगावर आतलं पातळ कातडं सुकतं, आवळून बसतं, आणि फोडताच येत नाही त्यांना. आतल्या आत मरतात."

"झाकण उघडलं म्हणून?"

"हो, झाकण उघडलं म्हणून."

म्हाताऱ्याने मान हलवली. पटल्यासारखी हलवली, पण बोटं मांडीवर चाळवत होती. ती बोटं हूहानाने पाहायला हवी होती. त्या बोटांनी जन्मभर अडलेली कोकरं ओढून काढलीत. खांद्यापर्यंत हात घालायचा, पाय शोधायचे, कळ आली की ओढायचं. थांबलो तर आईही जाते आणि पिल्लूही, हे ज्याच्या हाडात शिरलंय त्याला नुसतं बसून बघायला सांगणं म्हणजे काय, हे तिला सुचलं नाही. तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. दक्षिणेचा वारा सुटला होता, त्या मुलखात थंडी दक्षिणेकडूनच येते, डोंगरावर बर्फ धरत होतं, आणि चुलीला लाकडं संपत आली होती.

ती लाकडं फोडायला गेली. डाव्या हाताने कुऱ्हाड चालत नाही आणि उजवा वर जात नाही, त्यामुळे ती गुडघ्यावर बसून छोट्या कुऱ्हाडीने फोडते. वेळ लागतो. टोपली भरून आत आली तेव्हा कोरो उभा होता. पेटीचं झाकण तिरकं होतं. त्याच्या उघड्या तळहातावर ते पिल्लू होतं ज्याने कवचाला टवका पाडून नंतर बराच वेळ काही केलं नव्हतं. पोटाशी पिवळा बलक अजून लोंबत होता आणि कातड्याच्या शिरेतून रक्त येत होतं. एवढ्याशा जिवात किती असणार रक्त? पण म्हाताऱ्याच्या तळहाताच्या सगळ्या रेषा त्याने भरल्या.

"अडलं होतं गं," तो म्हणाला. "मी नुसतं... अगदी हळूच ओढलं."

हूहानाने टोपली टाकली, झाकण बसवलं आणि तेव्हा तिला दिसलं. पेटीचे आकडे विझले होते. लाल दिवा गेला होता. पंख्याची घरघर बंद होती.

"काय केलंत?"

"काही नाही. झाकण..."

"बंद पडलीय! बंद पाडलीत तुम्ही! काय दाबलंत?"

"मी काही दाबलं नाही, पोरी. दाबलं असेल तर कळलं नाही मला."

तिने बटणं दाबली, प्लग काढून घातला. काही होईना. आणि मग तिच्या तोंडून ते गेलं. "म्हणूनच तुमची लेक म्हणते ना, तुम्हाला तिकडे ठेवा म्हणून! एक सकाळ, एक सकाळ नुसतं बसायला सांगितलं होतं मी तुम्हाला!"

तिकडे म्हणजे कुठे, हे त्या घरात सांगावं लागत नाही.

तळहातावरचं पिल्लू आता हलत नव्हतं. दुसऱ्या हाताचा आडोसा त्याच्यावर धरून म्हातारा बाहेर गेला. लिंबाच्या झाडाखाली त्याने काठीच्या टोकाने खड्डा केला, माती सारली, आणि टाकीच्या नळाखाली हात धुतले. तोंडावर पाणी शिंपडलं, जसं कुणाला पुरून आल्यावर शिंपडतात. हूहाना खिडकीतून बघत होती आणि फ्यूजच्या डबीकडे जात होती, दोन्ही एकदमच. फ्यूज ठीक होते. मग तिने स्वयंपाकघरातला दिवा लावून पाहिला. लागला नाही.

तेवढ्यात शेजारचा डेस आपल्या चारचाकी मोटरसायकलवरून आला, कुत्रा मागे बसलेला. डेसच्या जमिनीत गाळ हिच्यापेक्षा जास्त आला, पण बडबड कमी झाली नाही.

"तुझीही गेलीय ना? खांब बदलतायत खाली. दुपार उलटेपर्यंत नाही यायची. मघाशी मेंढ्या बघायला वर कड्यावर गेलो तर फोनवर निरोप टपकला. चार दिवसांपूर्वीचा! मी बायकोला म्हटलं, बघ, आपल्याला कळवलंय हो, राजेशाही आहे." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," हूहाना म्हणाली.

कोरो टाकीपाशीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. वीज त्याने घालवली नव्हती. हे त्याला कळलं आणि तिला कळलं, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. पिल्लू मात्र त्यानेच मारलं होतं. त्यामुळे तिला माफी मागता येईना आणि त्याला रागावता येईना. डेस बिचारा खांबांच्या किमतीवर बोलत राहिला.

शेवटी कोरोच म्हणाला, "चुलीखालचा खण."

त्यांची लोखंडी चूल जुनी आहे. तिच्या पोटाशी एक उबेचा खण आहे, त्यात गारठलेली कोकरं ठेवतात. दार उघडं ठेवायचं, तासाभरात कोकरू मान वर करतं. त्या खणाने शेकडो जगवलीत. हूहानाने काचेचा तापमापक त्यात ठेवला आणि तिघंही वाकून बघत राहिले. पारा चढत गेला, थांबेचना.

"कोकराला अंगावर लोकर असते, डेस," कोरो म्हणाला. "यांचं काय, आमलेट झालं असतं."

डेस हसला. हूहानाला हसू आलं होतं, तिने ते गिळलं.

मग तिला कपाट आठवलं. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, जिथे चादरी वाळतात आणि कोरोची घरची दारू फसफसते. वीज गेली तरी ती टाकी दिवसभर तापलेली राहते. तिने खालच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या. चादरी, टॉवेल, भांडी पुसायची फडकी, उशांचे अभ्रे, सगळं बाहेर ओढून एका ढिगात टाकलं.

"अभ्रे आणि भांडी पुसायची फडकी एकत्र नको," मागून आवाज आला.

"आत्ता हे सांगायचंय तुम्हाला?"

"डोकं ठेवतो त्यावर आपण."

तिने अभ्रे वेगळे केले. मुकाट्याने केले.

पेटी उचलायची तर सपाट उचलायला हवी, तिरकी झाली की अंडी गडगडणार. डेसने हात पुढे केला, पण धुण्याच्या खोलीचं दार अरुंद आणि डेस चांगला रुंद. एक बाजू हूहानाने धरली, एक कोरोने. तिचा खांदा ठणकत होता, त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. बोळातून जाताना दोघंही श्वास धरून होते. "खाली तुझ्या बाजूला." "आहे की सपाट." "नाही, खाली." "बरं." मघाचं बोलणं दोघांच्या मधोमध, त्या पेटीवरच ठेवल्यासारखं होतं. तेही सांडू न देता त्यांनी नेलं.

कपाटात ऊब होती, पण पुरेशी नव्हती. पारा हळूहळू उतरत होता. तेव्हा कोरो शेडमध्ये गेला आणि कवेत एका मेंढीची अख्खी लोकर घेऊन आला. शेवटच्या कातरणीची. कुणी घेत नाही, मिळणाऱ्या भावात कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून पडून राहिलेली, मेंढीच्या तेलाने चिकट, पिवळट. त्याने ती पेटीवर पांघरली. हूहानाने हवेची भोकं मोकळी केली. कोरो परत ती झाकायचा, ती परत मोकळी करायची.

"वारा जाईल की आत."

"श्वास घ्यायचाय ना त्यांना."

"अंड्यात?"

"अंड्यातच. कवचाला भोकं असतात, दिसत नाहीत इतकी बारीक."

तो थांबला. "खरं?" त्याने मघाच्या पिल्लाचं रिकामं टरफल उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, बराच वेळ फिरवून बघितलं. जन्मभर अंडी खाल्लेला माणूस. "मग तर उघडंच असतं ते," तो स्वतःशीच म्हणाला. "बंद कधी नसतंच."

चुलीवर किटली होती. तिने बाटल्या भरून लोकरीखाली लावल्या. पारा थबकला. वर नाही, पण खालीही नाही.

डेस म्हणाला, "कड्यावर चल, फोन लागतो. विचार तरी त्यांना, लवकर जोडतायत का."

जायचं म्हणजे म्हाताऱ्याला पेटीपाशी एकटं सोडायचं. हूहानाने कोरोकडे पाहिलं. कोरोने लोकरीकडे पाहिलं. "जा," तो म्हणाला. "जा ना."

कड्यावर वारा अंगातून आरपार जात होता. फोनवर आधी गाणं वाजलं, मग तुमची एक मुलगी बोलली. गोड बोलली. तिचं नाव इथे घेत नाही, तिचा दोष नाही.

"घरात कुणी विजेच्या उपकरणावर जिवंत आहे का, मॅडम?"

"हो, आहेत."

"नाव सांगता का?"

"नावं नाही ठेवली अजून."

"पेशंटचं नाव, मॅडम."

"पेशंट नाहीत. लाव्याची पिल्लं आहेत. आज अंड्यातून निघतायत."

पलीकडच्या आवाजात हसू दाबल्यासारखं झालं. "तसा पर्याय माझ्या स्क्रीनवर नाहीये, मॅडम."

"मग काय आहे तुझ्या स्क्रीनवर?"

"तुम्हाला निरोप पाठवला होता. पाठवल्याचं दिसतंय."

"पोहोचला नाही."

आणि तेव्हाच, कानाशी धरलेला असतानाच, हूहानाच्या हातातला फोन टुणकन वाजला. तिने बघितलं. मंगळवारी वीज बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"मॅडम?" मुलगी म्हणाली. "आता पोहोचल्याचं दाखवतंय."

डेस मागे मोटरसायकलवर आडवा होऊन हसत होता. हूहाना हसली नाही. तिला म्हातारा दिसत होता, कपाटापुढे एकटा, आणि त्याची ती बोटं.

घरी आली तेव्हा ती बूट न काढताच बोळात शिरली. कोरो कपाटासमोर खुर्चीवर होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसलेला. आणि लोकरीसकट सगळी पेटी गवताचे गठ्ठे बांधायच्या दोरीने उभी-आडवी आवळलेली, वर भलीमोठी गाठ.

"हे काय?"

"मीच बांधली. सुटायला चाकू लागेल, चाकू मी बाहेर ठेवलाय." मग हळू आवाजात म्हणाला, "इकडे ये. बूट वाजवू नकोस. कान लाव."

तिने कान लावला. आधी स्वतःचा श्वासच ऐकू आला. मग आतून टिक. टिक टिक. दुसरीकडून टिक.

"टकटकतायत," कोरो म्हणाला. त्याचे डोळे एखाद्या पोराचे असावेत तसे झाले होते. "एकाने केलं की दुसरं करतं. मग तिसरं. मघाशी मला वाटलं नुसता आवाज आहे. नाही गं. मागे राहिलेल्यांना घाई करतायत, पुढे गेलेल्यांना थांबवतायत. सगळ्यांना बरोबरच निघायचंय." त्याने हात मांड्यांखाली आणखी आत सारले. "मी ओढलं ते... ते अडलं नव्हतंच. ते थांबलं होतं."

हूहानाला हे माहीत होतं. तिने वाचलं होतं, की लावे अंड्यातूनच एकमेकांना ऐकतात. त्याला सांगितलं असतं तर कदाचित त्याने हात घातला नसता. तिने फक्त झाकण उघडायचं नाही एवढंच सांगितलं होतं. का ते सांगितलं, पण हे नाही. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दुपारभर दोघं तिथेच बसले. मधूनमधून ती उठून दोरीखालून हात घालून बाटल्या बदलायची. चुलीवर पुहाच्या कडवट रानपाल्याची भाजी आणि डुकराची हाडं शिजत राहिली, वास सगळ्या घरभर.

दुपार उलटून गेल्यावर स्वयंपाकघरातला दिवा एकदम लागला. चाकू आणून दोरी कापली.

सगळी नाही वाचली. काही अंडी गप्प राहिली, काही टवका पाडून तशीच राहिली. पण निम्म्याहून पुष्कळ जास्त पिल्लं बाहेर आली, आणि कोरोने म्हटलं तसंच, जवळजवळ एकदम, मक्याच्या लाह्यांसारखी इकडून तिकडून उडत. पुन्हा बस्तान बसायला तेवढी पुरतात. मटणाचा कारखाना टळला. एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं ठीक.

झालं नाही. पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं खोक्यात होती, दिव्याखाली, वाळून फुलासारखी फुगलेली. पाण्याच्या बशीत हूहाना काचेच्या गोट्या टाकत होती.

"हे कशाला?" कोरोने विचारलं.

"पिता पिता झोप लागते त्यांना. तोंड पाण्यात पडतं आणि बुडतात."

"बोटभर पाण्यात?"

"बोटभर कशाला, एवढंही पुरतं."

तो उठून बाहेर गेला. परतला तेव्हा दोन्ही खिसे ओढ्यातल्या गोल खड्यांनी भरलेले. टाकीच्या नळाखाली धुतले, आणि खोक्याशी येऊन ते एकेक करून बशीत मांडत बसला. पिल्लं त्याच्या बोटांवर चढत होती. बोटं अजिबात चाळवत नव्हती.

"कोरो," हूहाना म्हणाली. "काल मी जे बोलले..."

"बघ, बघ हे. उभ्या उभ्या झोपलं." त्याने बोटाने त्या पिल्लाची मान खड्यावर टेकवली. मग, जसं काल दिवसभर अंड्यांबद्दल विचारत होता अगदी तसंच, मनापासून, माहीत करून घ्यायचं म्हणून त्याने विचारलं, "तिकडे ठेवू देतात का गं पाखरं? एखाददुसरं? आवाज फारसा नसतो यांचा."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर तिने काहीतरी म्हटलं असतं. तो खरंच विचारत होता. तिने ते वाक्य बोलल्यापासून तो तिकडे जायचंच धरून चालला होता, आणि आता फक्त सोबत काय नेता येईल ते बघत होता.

हूहानाने तोंड उघडलं. "कुठे नाही जायचंय तुम्हाला," असं ती म्हणाली, दोनदा म्हणाली. तो म्हणाला, "हो, हो," आणि खडे मांडत राहिला. अजूनही विचारतो. कालही विचारलं.

ते वाक्य तिच्या तोंडून गेलं, ते तिचं आहे, ती ते निस्तरते आहे. पण तो दिवा तुम्ही विझवलात. म्हणून आता तुम्ही सांगा. फोनवर नको, तिथे पोहोचत नाही. स्क्रीनवर पर्याय नसेल तर माणूस पाठवा. रस्ता आहे, सहा घरं आहेत, शेवटचं तिचं. दारात बूट काढा, धुण्याच्या खोलीत जा, म्हाताऱ्यासमोर उभे राहा आणि त्याच्या तोंडाकडे बघून सांगा.

ठेवू देतात का?